सत्तेचाळीस नंबरची पहिली बॅच

१२ फेब्रुवारी

ताई,

साष्टांग नमस्कार घालायला गेलो तर हल्ली पोट मध्ये येतं, म्हणून उभ्या उभ्याच करतो.

तुझा पत्ता आईकडून घेतला. ती सहजासहजी देईना. "आधी काय लिहिणार आहेस ते वाचून दाखव," म्हणाली. मी तिला दोन ओळी वाचून दाखवल्या. त्या या पत्रात नाहीत. गुडघे सोडले तर ती ठणठणीत आहे. तू तिला दर महिन्याला लिहितेस हे मला माहीत आहे. मी खोलीत आलो की ती पाकीट उशीखाली सरकवते आणि म्हणते, "कसली तरी जाहिरात आलीये."

इकडे सगळं छान चाललंय. धुक्याचे दिवस आहेत. सकाळी प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीची खिडकी उघडली की धुकं आत येतं आणि टेबलांच्या पायांशी पाळीव असल्यासारखं बसून राहतं. अशा वेळी मी काही करत नाही. स्टुलावर बसतो, इनक्युबेटरची, आपल्या ऊबकपाटाची, घरघर ऐकतो. दहाच्या सुमाराला ऊन येतं, धुकं निघून जातं आणि मला वाटतं, आत्ता इथून कुणीतरी उठून गेलं.

बाटलीमावशी अजून आहेत. बावीस वर्षं झाली त्यांना काच धुवायला लागून. परवा मी एक फ्लास्क नाकाशी धरून बघत होतो तर म्हणाल्या, "ताई बाटली उजेडाकडे धरून बघायच्या. तुम्ही आपले कुत्र्यासारखा वास घेता." तुझी आठवण त्या अशी माझा अपमान करूनच काढतात.

आता मोठी बातमी. आपलं सत्तेचाळीस नंबर माणसांना द्यायचं ठरलंय. जूनपासून, तापाच्या वॉर्डात, काळ्या आजाराच्या चाळीस रोग्यांना. तू बाटलीत भरून, वर पेन्सिलीने ४७ लिहून माझ्या हातात दिलेला तो पिवळसर भुगा इथवर पोचला. मोठे साहेब, म्हणजे आमचे संचालक, हल्ली जिन्यावरून उतरताना शीळ घालतात.

जाता जाता एक. तुझी निळ्या पुठ्ठ्याची प्रयोगवही तुझ्याकडेच असेल ना? सगळ्या नोंदी एकत्र लावून ठेवाव्यात म्हणून विचारतोय. घाई अजिबात नाही.

तुझा भाऊ

३ मार्च

ताई,

उत्तर नाही आलं. साहजिक आहे. कापड रंगवायच्या त्या कारखान्यात तुला सवड कुठली? आई सांगत होती, एका रंगाच्या शंभर ताग्यांत छटेतला उजवा-डावा फरक तू नुसत्या नजरेने ओळखतेस. तिला फार अभिमान आहे. मलाही आहे, पण माझा कुणी विचारत नाही.

काल दुपारी ऊबखोलीत डुलकी लागली. स्वप्न पडलं. आपलं जुनं घर गुलाबी पाण्याने काठोकाठ भरलेलं. आपण परजीवी ज्यात वाढवतो ना, ते पाणी. कुणी घाबरलेलं नव्हतं. आई स्वयंपाकघरातून सावकाश पोहत आली, तिचे गुडघे अजिबात दुखत नव्हते. तू खाली जमिनीवर बसून वही लिहीत होतीस. मी विचारलं, काय लिहितेस? तू तोंड उघडलंस आणि नुसते बुडबुडे वर आले. मी ते हातात धरायला गेलो. जागा झालो तेव्हा हात खरंच वर उचललेला होता आणि दारात मावशी उभ्या होत्या. हळूच दार लावून गेल्या.

उठलो तो सरळ मायक्रोस्कोपपाशी. तुला ते दृश्य आवडायचं. काचेखाली हजारो परजीवी, सुईच्या टोकाहून बारीक, एकेक शेपटी हलवत चाललेले. संध्याकाळी बाजार सुटल्यावर माणसं निघतात तसे. तू म्हणायचीस, "इतकं सुंदर काहीतरी माणसाच्या प्लीहेत, पाणथरीत, जाऊन बसतं आणि त्याला काळंठिक्कर करून मारतं, हे पटत नाही." मलाही पटलेलं नाही अजून.

वहीचं विचारायचं कारण सांगायचं राहिलं. माणसांसाठी औषध करायचं म्हणून सत्तेचाळीस नंबरची नवी बॅच केली, तुझ्या बॅचपेक्षा शुद्ध. तिच्यात नि जुन्या बॅचमध्ये थोडा फरक पडतोय. किरकोळ आहे. तू नेमकं काय काय केलं होतंस ते बघितलं की झालं.

आणि सत्तेचाळीस नंबरवर छापून आलेल्या त्या लेखाचं. तुझं नाव वरच्या नावांत न येता शेवटी, आभारांच्या ओळीत गेलं, तो मोठ्या साहेबांचा निर्णय होता. हे मी तेव्हाच समजावून सांगायला हवं होतं.

तुझा भाऊ

२० मार्च

ताई,

तुझं कार्ड आलं. एवढ्या मोठ्या कोऱ्या कार्डावर मधोमध एकच ओळ: "वही कशासाठी हवी आहे ते खरं लिही."

लहानपणी फुटलेल्या बरणीचे तुकडे हातात घेऊन तू असंच विचारायचीस, आवाज न चढवता.

खरं असं आहे, की फरक किरकोळ नाही. नवं सत्तेचाळीस नंबर काहीच करत नाही. मी एक नाही, सात बॅच केल्या. प्रत्येक आधीच्यापेक्षा स्वच्छ, सातवी तर बर्फासारखी पांढरी. बशीत घातली तर परजीवी मजेत पोहतात. उंदरांना टोचली तर त्यांच्या पाणथऱ्या तशाच फुगलेल्या. आणि तुझ्या पहिल्या बॅचचा चिमूटभर भुगा घातला की तिसऱ्या दिवशी सगळं शांत.

चार वर्षं आम्ही तुझीच बॅच पुरवून पुरवून वापरली. सगळे आकडे, सगळे तक्ते, तो लेख, सगळं त्या एका बाटलीतलं. पुन्हा करून बघायची गरज कुणाला वाटली नाही. मला वाटली नाही. आता बाटलीच्या तळाशी बोटाच्या पेराएवढा भुगा उरलाय.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. मोठ्या साहेबांना नाही, वॉर्डातल्या डॉक्टरीणबाईंना नाही. त्या दर सोमवारी विचारतात, "सर, औषध तयार?" मी म्हणतो, "होतंय, होतंय." त्या फार चांगल्या आहेत. रोग्याची पाणथरी तपासताना आधी स्वतःचे हात चोळून गरम करतात.

रोज सकाळी उठताना वाटतं, आज आठवी बॅच केली तर जमेल. तोंड धुईपर्यंत तसं वाटत राहतं.

वही पाठव. कृपा कर.

९ एप्रिल

ताई,

बाटलीमावशींना काळा आजार झालाय.

महिनाभर ताप येत होता, त्या अंगावर काढत होत्या. मला कळलं नाही. रोज समोर असलेलं माणूस वाळत गेलेलं दिसत नाही. परवा धुण्याच्या खोलीत काच फुटल्याचा आवाज आला. बावीस वर्षांत त्यांच्या हातून काच फुटल्याचं मी ऐकलं नव्हतं. जाऊन बघतो तर त्या भिंतीला टेकून बसलेल्या, नळ तसाच वाहत होता. म्हणाल्या, "फ्लास्क मोठा होता हो, सवाशेरी. माझ्या नावावर लिहा."

रक्त तपासलं. मग पाणथरीतलं पाणी काढून काचेवर घेतलं. डॉक्टरीणबाईंनी मला बोलावलं आणि मायक्रोस्कोप माझ्याकडे सरकवला. दिसले. माणसाच्या आत त्यांना शेपट्या नसतात, नुसते ठिपके असतात, हे तुला सांगायला नको. मी इतकी वर्षं ते बघतोय, पण ओळखीच्या माणसातले पहिल्यांदाच बघितले.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "जुन्या औषधाच्या सुया आजच सुरू करते. पण मावशी ऐकायला तयार नाहीत. तुम्ही बोला."

जुनं औषध तुला माहीत आहे. अँटिमनी. विषारी धातू तो. तीस दिवस, रोज एक सुई, आणि शेवटी शेवटी हृदयाचे ठोके चुकायला लागतात. मावशींनी त्या वॉर्डाच्या बाटल्याही धुतल्यात. सगळं माहीत आहे त्यांना.

मी त्यांच्या कॉटजवळ बसलो.

"मावशी, सुया घ्या."

"नाही घेत. जूनमध्ये आपलं औषध येतंय ना? ते घेते. तोवर काढते कळ."

"दोन महिने आहेत अजून."

"असू देत. ताईंनी केलंय ना ते? मी धुतलेल्या बाटलीत केलंय. मला लक्षात आहे, पिवळं झालं होतं आणि ताई म्हणाल्या होत्या, मावशी, हे लागू पडणार. मग मी ते सोडून ते विष कशाला घेऊ?"

ताई, मी काही बोललो नाही. त्यांची चादर सारखी केली, पाणी दिलं आणि बाहेर आलो. व्हरांड्यात खांबाला धरून उभा राहिलो. समोर रस्त्यावरून पेपर टाकणारा चालला होता, कुत्रं आळस देत होतं, सगळं काचेपलीकडे चालल्यासारखं वाटत होतं.

हे लिहिलं, आता दुसरंही लिहून टाकतो, नाहीतर पुन्हा धीर होणार नाही. तुझं नाव मोठ्या साहेबांनी काढलं नव्हतं. त्यांनी फक्त विचारलं होतं, "बहीण आणि भाऊ दोघांची नावं? लोक काय म्हणतील?" मी म्हणालो, बघतो. आणि घरी येऊन, चहा पीत पीत, मी स्वतःच्या हाताने तुझ्या नावावर रेघ मारली. लाल पेन्सिलीने. मनात म्हटलं, तिला कुठे असल्या गोष्टींचं अप्रूप आहे. हे मी आईलाही सांगितलेलं नाही.

वही पाठवू नये असं वाटलं तर नको पाठवूस. पण तुला हे माझ्याकडूनच कळायला हवं होतं.

१८ एप्रिल

ताई,

वही मिळाली. वर्तमानपत्रात गुंडाळलेली, वर दोरी, आणि पत्राचा एक शब्द नाही. दोरीच्या गाठीला निळा रंग लागला होता. तुझ्या बोटांचा असणार.

अकरा मार्चचं पान. तुझी ओळ जशीच्या तशी उतरवतो: "नेहमीचा उत्प्रेरक संपला. त्याऐवजी अँटिमनीचं क्लोराइड वापरलं. क्रिया छान झाली. पण रंग पिवळा राहतोय, धुऊन धातू पूर्ण निघाला असं वाटत नाही. तपासणे."

मी ते पान उन्हात धरून पुन्हा पुन्हा वाचलं. म्हणजे परजीवी मारत होता तो आपला नवा शोध नाही. त्याच्या अंगात लपून आलेला तोच जुना धातू. मी बॅच जितकी धुतली तितका तो निघून गेला. पांढरं शुभ्र, अगदी निष्पाप झालं माझं औषध.

पण तुला सांगायचंय ते याहून वाईट आहे. मला आठवलं. पान वाचता वाचता नाही, त्याच्याही आधी, दोरी सोडतानाच. त्या बॅचचे उंदीर बरे झाले त्या आठवड्यात तू वही घेऊन माझ्या दारात आली होतीस. मी फोनवर होतो. तू म्हणालीस, "अरे, यात थोडी भानगड आहे, दोन मिनिटं दे." मी फोनवर हात ठेवून म्हणालो, "उंदीर बरे झालेत ना? मग बघू नंतर." तू दोन मिनिटं उभी राहिलीस. खरोखरच दोन मिनिटं. मग गेलीस. हे मी विसरलो होतो असं नाही. हे मी कुठेतरी ठेवून दिलं होतं आणि त्या खोलीत जात नव्हतो.

वही बंद केली आणि उठलो. आधी मोठे साहेब. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला, पुन्हा पुसला.

"अहो, पण चाचणी सुरू तर होऊ दे. माणसांत कदाचित वेगळा परिणाम दिसेल."

"साहेब, चाळीस माणसं आहेत. काहीच न देण्यासारखं आहे ते. निम्मी मरतील."

"तुम्ही फार घाईने निष्कर्ष काढता."

"चार वर्षांपूर्वी काढला होता. आज नाही."

ते खिडकीपाशी गेले आणि पाठमोरे म्हणाले, "मग जे लिहायचं ते तुमच्या सहीने लिहा. माझ्या नाही." मी हो म्हणालो; लेख मागे घेतल्याचं पत्र माझ्याच सहीने जाईल. जिना उतरताना पाय हलके वाटले. आश्चर्य वाटलं मला त्याचं.

मग डॉक्टरीणबाई. मी बोलत असताना त्या इंजेक्शनच्या सुया उकळत्या पाण्यातून काढून एकेक मांडत होत्या. शेवटची मांडली आणि म्हणाल्या, "कधीपासून माहीत होतं?"

"बॅच चालत नाही हे फेब्रुवारीपासून. का, ते आज."

"म्हणजे मावशी नऊ दिवस तुमच्या गप्प बसण्यावर पडून आहेत." आवाज अजिबात वर गेला नाही. "सर, ताप मोजायला मला एक मिनिट लागतं. तुम्हाला 'थांबा' म्हणायला किती लागायचं होतं?"

त्या उत्तरासाठी थांबल्या नाहीत. म्हणाल्या, "चला. तुम्हीच सांगा त्यांना. मी सुई घेऊन येते."

पत्र इथेच थांबवतो. पुढचं पुढच्या पत्रात.

२७ एप्रिल

ताई,

मावशींना सांगितलं त्याला नऊ दिवस झाले. म्हणजे नऊ सुया.

मी कसं सांगितलं ते नीट आठवत नाही. त्यांच्या खोलीला उंच झरोके आहेत, दुपारचं ऊन तिरपं येतं आणि त्यात कण तरंगत असतात. मी त्या कणांकडे बघत बोलत होतो. त्या मध्येच म्हणाल्या, "इकडे बघा. तिकडे कुणी नाही."

सगळं ऐकून घेतलं त्यांनी. मग म्हणाल्या, "म्हणजे पिवळं होतं ते त्या विषाचंच?"

"हो."

"आणि ताईंना माहीत होतं?"

"शंका होती. ती मला सांगायला आली होती. मी ऐकलं नाही."

"हां." त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, झोपल्या. थोड्या वेळाने डोळे मिटूनच म्हणाल्या, "मी तुमच्या धुतलेल्या बाटल्या देताना कधी म्हटलं का, बघू नंतर? एखादीला डाग दिसला तर पुन्हा धुतली. कुणी बघत नव्हतं तरी. तुम्ही एवढे शिकलेले."

"चुकलं, मावशी."

"चुकलंच. आता ती सुई कुठाय? बोलवा बाईंना."

डॉक्टरीणबाई आल्या. हात चोळून गरम केले. मावशींनी दुसरीकडे तोंड केलं आणि माझं मनगट असं धरलं की अजून तिथे चार बोटांचे वळ आहेत.

रोज दोनदा जातो. बोलत नाही त्या माझ्याशी, पण जाऊ नका असंही म्हणत नाहीत. कालपासून ताप थोडा उतरलाय. आई येऊन त्यांच्याशी गप्पा मारत बसते. काल दोघी तुझ्याबद्दल बोलत होत्या. मी आत गेलो तशी आई म्हणाली, "आमचं हवापाण्याचं चाललंय."

तू अजून मला काही लिहिलेलं नाहीस. मी वाट बघत नाही असं लिहिणार होतो.

२४ मे

ताई,

तुझं पत्र आलं त्यालाही आता बरेच दिवस झाले. आधी मावशींचं सांगतो.

बाविसाव्या सुईनंतर त्यांच्या हृदयाचे ठोके चुकायला लागले. सकाळची वेळ, डॉक्टरीणबाई कानाला नळी लावून बसलेल्या, आणि त्यांचा चेहरा असा झाला की जणू दूरवर कुणी चालता चालता अडखळतंय ते ऐकतायत. सुया तिथेच बंद केल्या. चार दिवस आम्ही आळीपाळीने मनगट धरून बसलो. माझी पाळी दुपारची असायची. दोन, तीन, चार, मग एक रिकामी जागा, मग पुन्हा एक. त्या रिकाम्या जागेत काय काय मावतं, ताई. त्यात मी तुझ्या कारखान्यापर्यंत येऊन परत जायचो. रंगाच्या हौदांवर वाफ असायची, तू पाठमोरी असायचीस. पुढचा ठोका आला की मी पुन्हा खुर्चीत.

पाचव्या दिवशी ठोके सरळ झाले. पुन्हा पाणथरीतलं पाणी काढून बघितलं. डॉक्टरीणबाईंनी बघितलं, मग मी, मग पुन्हा त्यांनी. एक ठिपका नाही. बावीस सुयांतच काम झालं होतं. पाणथरी निम्म्यावर आलीये. जिना चढताना दम लागतो, आणि डॉक्टरीणबाई म्हणतात तो आता कायमचा. पण परवा मावशी घरी गेल्या, स्वतःच्या पायांनी.

आता तुझं पत्र. ते मी खिशात घेऊन फिरतोय. तू लिहिलंस:

"ठोंब्या, लेख मागे घेतोयस ते बरोबर आहे. त्या पत्रावर माझं नाव घाल. चांगलं झालं तेव्हा नव्हतं म्हणून वाईट झाल्यावर सुटका नको आहे मला. उत्प्रेरक मी बदलला. 'तपासणे' असं मी लिहिलं आणि तपासलं नाही. वेळ नव्हता म्हणून नाही. तू ऐकलं नाहीस, म्हणून म्हटलं, पडू दे याला तोंडावर. पुढे उंदीर बरे होत गेले, तुझा लेख आला, आणि मग मी गप्प बसायला माझ्याकडे कारणही होतं. त्या गप्प बसण्यात मावशी सापडतील असं कुठे माहीत होतं. हे मी कुणाशी बोललेले नाही. आणखी एक. पहिल्या बॅचमध्ये धातू किती होता ते मोजलंस का? नुसतं 'होता' म्हणून भागत नाही. मोज."

हे वाचून मी पायरीवर बसलो. इतकी वर्षं मला वाटत होतं, फक्त मीच एक दार बंद ठेवून राहतोय.

लेख मागे घेतल्याचं पत्र मागच्या आठवड्यात पाठवलं. खाली दोन नावं आहेत, पहिलं तुझं. मोठ्या साहेबांनी माझ्याकडून प्रयोगशाळेच्या किल्ल्या काढून घेतल्या, फक्त मागची खोली ठेवली. चाचणी रद्द झाली. चाळीसही रोग्यांना जुन्या सुया सुरू आहेत. लोक व्हरांड्यात मला बघून वाट बदलतात. हे होणारच होतं आणि ते झाल्यावर मी दोन दिवस गाढ झोपलो.

तिसऱ्या दिवशी तू सांगितलंस ते केलं. भुग्यातली चिमूट घेऊन धातू मोजला. तीनदा. नीट वाच: परजीवी मारायला जेवढा धातू लागतो, त्याच्या बाराव्या हिश्श्याएवढाच होता.

एवढ्याने काही मरत नाही, ताई. मग मारत काय होतं?

१९ जून

ताई,

हे लिहिताना मी मुद्दाम सावकाश लिहितोय.

तीन गट केले, प्रत्येकात तीन बशा. उंदराच्या पेशी, त्यांच्या पोटात परजीवी. पहिल्या गटात नुसता बारावा हिस्सा धातू. दुसऱ्यात नुसतं माझं पांढरं, निष्पाप सत्तेचाळीस नंबर. तिसऱ्यात दोन्ही. तीन दिवसांनी सगळं धुऊन काढलं आणि बशा गार कपाटात ठेवल्या. आतले परजीवी जिवंत असले तर आठवड्याभरात त्यांना शेपट्या फुटतात आणि ते बाहेर येऊन पोहायला लागतात. मेलेले असले तर पाणी नुसतं पाणी राहतं.

आज सकाळी बघितलं. पहिल्यात पोहतायत. दुसऱ्यात पोहतायत, बाजार सुटल्यासारखे. तिसऱ्यात पाणी.

मी खूप वेळ त्या रिकाम्या पाण्याकडे बघत बसलो. खिडकीतून ऊन आलं, माझ्या हातावर चढलं, खांद्यावरून मागे गेलं. एखादा तरी येईल म्हणून वाट बघत होतो. कुणी आलं नाही.

एकटा धातू इतका कमी की हृदयाला धक्का लागू नये. एकटं सत्तेचाळीस नंबर काहीच नाही. दोन्ही मिळून असं. का, ते मला माहीत नाही. सत्तेचाळीस नंबर त्या धातूला हात धरून आत नेतं का, की आत गेल्यावर बाहेर पडू देत नाही? हे तुझ्या डोक्याचं काम आहे, माझ्या नाही. आणि मावशींसारख्या कुणाला हे मिळायला अजून कितीतरी वर्षं लागतील, कदाचित कधीच नाही मिळणार, एवढं मी शिकलोय. पुन्हा पुन्हा करून बघायचं आहे. मी चुकलेला असेन तर तेही लिहून ठेवायचं आहे.

हे अजून कुणालाही सांगितलेलं नाही. मोठ्या साहेबांना नाही, डॉक्टरीणबाईंना नाही, आईलाही नाही. लपवायचं म्हणून नाही. या वेळी तुला आधी सांगायचं होतं.

बशा अजून आठ दिवस टिकतील. मग गर्दीने परजीवी आपोआप मरतात आणि काहीच कळत नाही. पत्राला तीन दिवस लागतात, गाडीला दोन.

२५ जून, सकाळ
(मागच्या खोलीच्या दारावर)

ताई,

तुझी तार मिळाली. मी स्टेशनवर जातोय. गाडी लवकर आली आणि चुकामूक झाली तर किल्ली शेजारच्या धुण्याच्या खोलीत मावशींकडे आहे. त्या आजपासून कामावर आल्यात, फक्त बसून. त्यांना उठू देऊ नकोस.

गार कपाटात वरच्या फळीवर नऊ बशा आहेत. मावशींनी त्यांची अदलाबदल करून नुसते एक ते नऊ आकडे टाकलेत आणि गटांच्या चिठ्ठ्या काढून स्वतःजवळ ठेवल्यात. कोणती कशाची ते मलाही माहीत नाही. मी मोजलेलं वहीत आहे, पण ते बघू नकोस.

आधी तू मोज.

ठोंब्या